मंडळाचा कारभार आदर्श छापला, सभासदांना एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

२० फेब्रुवारीच्या अंकात तालुक्याच्या पानावर तुम्ही आमच्या गावच्या शिवजयंतीचा फोटो छापला, चांगला चार कॉलम, मिरवणुकीत घोड्यावर महाराजांच्या वेशात आमचे अध्यक्ष, मागे झेंडे आणि पोरंपोरी, आणि खाली बातमीत लिहिलं की मंडळाने कारंजाच्या स्वारीचा प्रसंग हुबेहूब उभा केला आणि या मंडळाचा कारभार इतर गावांनी आदर्श घ्यावा असा आहे. फोटो पाहून खूप बरं वाटलं, कारण त्यातला जामा, शेला, मावळ्यांच्या बाराबंद्या, मुंडासे सगळं माझ्या मशीनवरून उतरलंय. पण आदर्श कारभार हे दोन शब्द वाचले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून लिहितेय, मोबाईलवर टाईप करतेय, चुकभूल समजून घ्या.

मी गावात शिवणकाम करते. ब्लाऊज, शाळेचे ड्रेस, लग्नसराईत जे येईल ते, आणि गेली ११ वर्षं मंडळाचे सगळे कपडे. मंडळाची मी रीतसर सभासद आहे, वर्षाची १०० रुपयाची पावती दरवर्षी फाडते, सगळ्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवल्यात. आमचं मंडळ म्हणजे नुसतं जयंतीपुरतं डीजे लावणारं मंडळ नाही. शिवकाळातले आणि त्याच्या आधीचे प्रसंग आम्ही मैदानावर उभे करतो, लाठी, दांडपट्टा, फरीगदका शिकवतो, कपडे जुन्या चित्रांवरून पाहून शिवतो. कारंजाचा प्रसंग तर आपल्या वऱ्हाडाचा स्वतःचा आहे. १६७० साली दुसऱ्यांदा सुरत लुटल्यावर मराठ्यांची फौज इकडे आली, कारंजा तेव्हा मोठी श्रीमंत पेठ, चार हजार बैल आणि गाढवं भरून सोनं, चांदी, उंची कापड नेलं असं इतिहासकारांनी लिहून ठेवलंय, आणि पेठेतला सगळ्यात मोठा सावकार बाईच्या वेशात निसटला, कारण मराठ्यांची फौज बाईच्या अंगाला हात लावत नसे हे त्याला पक्कं माहीत होतं. आम्ही गावातल्या १४ बैलजोड्या सजवतो आणि तो सावकार माझ्या सासूबाईंचं हिरवं लुगडं नेसून मैदानातून जातो तेव्हा लहान पोरंसुद्धा एकदम चूप होऊन बघतात. हे काम मला जीवापाड आवडतं, हे आधीच सांगते, म्हणजे मंडळ मोडायला निघाली असं कोणी म्हणू नये.

मंडळ उभं केलं त्या सात जणांत माझे सासरे होते. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, गाव वस्ताद म्हणायचं. तरुणपणी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या उन्हाळी वर्गात शिकून आलेले, १९१४ साली सुरू झालेली ती संस्था, तिथली पोरं १९३६ ला बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये आपले खेळ दाखवून आली होती, ते मामाजी इतक्या अभिमानाने सांगायचे की जसे स्वतः जाऊन आले. त्यांची शिकवायची पद्धत एकच, आधी गदका, मग बोथाटी, आणि धारेचं हत्यार पोरांच्या हातात नाहीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गदका म्हणजे चामडं चढवलेली काठी आणि बोथाटी म्हणजे टोकाला कापडाचा गोळा बांधलेला लांब भाला. आपल्या जुन्या लोकांनी सरावासाठी मुद्दाम बोथट हत्यारं करून ठेवली होती, त्यांना काय तलवारीची भीती वाटत होती? मामाजी तो गोळा गेरूच्या पाण्यात बुडवायचे. ज्याच्या सदऱ्यावर गेरूचा ठिपका पडला त्याने स्वतः म्हणायचं, लागलं वस्ताद, आणि बाजूला व्हायचं. ठिपका पुसून खोटं बोलला की आठ दिवस मैदान बंद. आमच्या घरचे सदरे धुताना ते गेरूचे डाग निघायचे नाहीत, मी लग्न होऊन आले तेव्हा मला नवल वाटायचं की या घरातल्या माणसांच्या छातीवर लाल ठिपके कसे.

आता काय झालंय ते सांगते.

मागच्या डिसेंबरात प्रॅक्टिस चालू होती शाळेमागच्या मैदानावर, कापूस वेचणीचे दिवस म्हणून मोठी माणसं शेतात, मैदानावर १६-१७ वर्षांची पोरं आणि दोन पोरी. तलवारी नवीन आणलेल्या, फोटोत चमकतात म्हणून पाजवलेल्या. दोन पोरं समोरासमोर होती, एकाचा पाय घसरला आणि दुसऱ्याची तलवार त्याच्या मनगटापासून वर कोपराकडे गेली. मी तिथेच बाकावर बसून मुंडाशाला काठ लावत होते. तेच मुंडासं फाडून त्याचा हात बांधला, पांढरं मलमल होतं, माझ्या हातातच लाल झालं, आणि पोरगं रडत नव्हतं, एवढंच म्हणत होतं की काकू आईले सांगू नका. ११ टाके पडले. अजून त्याची करंगळी नीट मिटत नाही. मंडळाने त्याच्या घरी ५०० रुपये दिले आणि गावात सांगितलं की पोरगं काटेरी तारेवर पडलं. विमा नाही, प्रथमोपचाराची पेटी नाही, सरावाला एकही जबाबदार माणूस नाही, आईबापाची लेखी परवानगी तर लांबच. आणि नऊ इंचापेक्षा लांब पात्याच्या तलवारी हत्यार कायद्यात येतात, त्याची कागदपत्रं काय, कोणाच्या नावावर, ठेवायच्या कुठे, हे कोणालाच माहीत नाही, त्या एका सभासदाच्या गोठ्यात कडब्यामागे पडलेल्या असतात. उद्या पोलीस आले तर सापडेल कोण, ज्याचा गोठा आहे तो बिचारा.

दुसरी गोष्ट कापडाची. जानेवारीत माझ्याकडे एक व्हाउचर सहीला आलं, कपडे विभाग म्हणून. त्यावर ६० मीटर कापड. साहेब मी माझ्या हाताने कापलेलं कापड २२ मीटर होतं. बाराबंदीला किती लागतं, मुंडाशाला किती, हे मला झोपेतून उठवून विचारा. मी सही केली नाही, म्हटलं बिल दाखवा. बिल काही आलं नाही, दुसऱ्या दिवशी मला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, आणि निरोप आला की ताई तुम्ही शिलाई सांभाळा, बाकीचं आम्ही पाहतो ना. कापडाचे पैसे फार मोठे नाहीत हो. पण मंडळ आता लग्नाच्या रिसेप्शनला, उद्घाटनाला, मोठ्या नेत्यांच्या स्वागताला पथक घेऊन जातं, एका कार्यक्रमाचे १५ ते २५ हजार घेतात, पोरांना मिळते पोह्याची प्लेट आणि बॅनरवर बारीक अक्षरात नाव, आणि ते पैसे कोणत्या खात्यात जातात हे ६३ सभासदांपैकी तीन-चार जणांनाच ठाऊक. २२ मीटरचे ६० होतात तिथे बाकीच्याचं काय होत असेल.

हे मी एका पोराजवळ बोलले, चांगला पोरगा आहे, दांडपट्टा असा फिरवतो की हवेत नुसता आवाज येतो. तो मला म्हणाला, राजाले हिशोब कोण मागते वो काकू?

संपादक साहेब, हे पत्र मी खरं तर त्या एका वाक्यासाठी लिहितेय. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. १२ वर्षं तो एकाच माणसाला महाराजांच्या वेशात पाहतोय, मैदानावर त्यांचा हुकूम चालतो, मुजरा त्यांना होतो, आणि मैदान संपलं, कपडे घडी करून पेटीत गेले, तरी तो हुकूम संपत नाही. सभेत तेच, हिशोबात तेच, कोणाला घ्यायचं कोणाला काढायचं तेच. खेळात राजा पाहिजेच, त्याशिवाय प्रसंग उभा होत नाही. पण मंडळ म्हणजे दरबार नाही, तिथे सगळ्यांची १०० रुपयाची पावती सारखीच.

आणि राजाला हिशोब कोण मागते हे तरी खरं आहे का? ज्या काळाचे प्रसंग आपण करतो त्या काळात किल्ला कसा चालायचा हे आपणच पोरांना शिकवलं नाही. स्वराज्यातल्या किल्ल्यावर एका माणसाच्या हाती सगळं कधीच दिलेलं नव्हतं. हवालदाराकडे दरवाज्याच्या किल्ल्या, सबनिसाकडे जमाखर्च आणि हजेरी, सरनोबताकडे शिबंदी आणि पहारा, कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळ्याचं कोठार. मुद्दाम वेगवेगळ्या जातीची माणसं नेमायचे आणि त्यांच्या बदल्या करायचे, म्हणजे एकटा फितूर झाला तरी किल्ला जाऊ नये. पगार रोख, वतन म्हणून जागा बापाकडून पोराकडे जाऊ द्यायची नाही असा कटाक्ष. मग आमच्या मंडळात किल्ली, जमाखर्च, हत्यार आणि कोठार हे चारही एकाच घरात कसं काय? खजिनदार अध्यक्षांचे साळे, सचिव त्यांचा पुतण्या. त्यांच्या जागी माझे भाऊबंद असते तरी मी हेच म्हटलं असतं.

महाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र आमच्या मंडळात फ्रेम करून लावलंय. त्यात काय आहे ते कोणी वाचत नाही. गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवू नका, रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर जळती वात घेऊन जाईल आणि गवताला आग लागेल, घोडी मरतील, इतकं बारीक त्यात लिहिलंय. एवढी मोठी राज्याची धामधूम आणि राजा उंदराच्या वातीचा विचार करतोय. आणि आम्ही त्याच फ्रेमच्या खाली बसून ठरवलं की मैदानावर ३० मशाली लावायच्या, बाजूला एका शेतकऱ्याची सोयाबीनच्या कुटाराची गंजी, वारा सुटलेला, आणि मैदानावर पाण्याचा एक ड्रमसुद्धा नाही. एक ठिणगी गेलीच होती, दोन बायांनी घागरीचं पाणी टाकून विझवली म्हणून निभावलं. तुमच्या बातमीत मशालींचा थाट आला, ते ठीक आहे, बातमीदार दादांना कोणी सांगितलंच नाही तर त्यांना तरी कसं कळणार.

आता एक वेगळं सांगते. माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला कामाला आहे. मी अशी नाराज बसलेली असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला, तो एका मैदानावर उभा होता आणि मागे लोखंडी शिरस्त्राणं घातलेली माणसं ढाली घेऊन भिडत होती. म्हणाला मावशी, हे बघ तुझ्यासारखेच लोक. त्या संस्थेचं नाव सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम. १९६६ साली १ मे ला कॅलिफोर्नियात बर्कलीला एका घराच्या परसात काही पोरापोरींनी युरोपातल्या मध्ययुगासारखी लढतीची स्पर्धा भरवली, तिथून सुरू झालं आणि १९६८ ला संस्थेची रीतसर नोंदणी केली. आता त्यांची २० राज्यं आहेत, खेळातली राज्यं म्हणते मी, टेक्सास आणि ओक्लाहोमाकडच्या राज्याचं नाव ॲन्स्टिओरा. मी नंतर रात्री कपडे शिवता शिवता त्यांच्याबद्दल मिळेल ते ऐकलं, भाच्याला छळून छळून विचारलं.

त्यांच्यात राजा कोण होतो तर जो स्पर्धेत लढून जिंकतो तो, बाई जिंकली तर बाई, आणि राज्य किती दिवस तर चार-सहा महिने. मग पुन्हा स्पर्धा, नवीन राजा. सगळे त्याच्यापुढे वाकतात, तो पदव्या देतो, दरबार भरवतो, एकदम खऱ्यासारखं. पण संस्थेची सूत्रं राजाकडे नसतात. सगळ्यात वर देशाचा कायदा, मग संस्थेची घटना आणि नियम, मग त्या राज्याचे नियम, आणि राजाचा शब्द या सगळ्याच्या खाली. वर संचालक मंडळ, आणि ते राजालासुद्धा पदावरून काढू शकतं. प्रत्येक शाखेत कागदपत्राचा आणि कायद्याचा माणूस वेगळा, हिशोबाचा वेगळा, लढतीच्या सुरक्षेचा वेगळा, बँकेत दोन सह्या लागतात, एकाच्या सहीने चेक निघत नाही. तलवार कशाची तर वेताची, सव्वा इंच जाड, वरून टेप गुंडाळलेली, आणि मैदानात उतरायच्या आधी सुरक्षेचा माणूस प्रत्येकाचं शिरस्त्राण, चिलखत, हत्यार हाताने चाचपून बघतो, पास झालं तरच आत. राजालाही तेच. आणि वार लागला की नाही हे पंच सांगत नाही, ज्याला लागला तो स्वतः सांगतो आणि खाली पडतो. हे ऐकलं तेव्हा मला मामाजींचा गेरूचा ठिपकाच दिसला, खरंच सांगते, डोळ्यात पाणी आलं, की सात समुद्रापलीकडे कोणीतरी तोच नियम पाळतंय आणि आपण आपल्या वस्तादाचा नियम सहा वर्षांत विसरलो.

अजून एक मला फार लागलं. त्यांच्यात सगळ्यात मोठा मान लढणाऱ्यालाच मिळतो असं नाही. लढणाऱ्याला नाइट करतात, पण शिवणकाम, विणकाम, सुतारकाम, स्वयंपाक, जुनी विद्या यात ज्याचा हात चालतो त्याला लॉरेल नावाचा मान, आणि संस्थेसाठी राबणाऱ्याला, पावत्या फाडणाऱ्याला, भांडी घासणाऱ्याला पेलिकन नावाचा मान, आणि हे तिन्ही बरोबरीचे. आमच्याकडे १९ बाया सभासद आहेत. सगळा स्वयंपाक, सगळी शिलाई, आरतीची ताटं आमच्याकडे, दोन पोरी तर पोरांपेक्षा चांगला पट्टा फिरवतात, त्यांना जयंतीच्या दिवशी लेझीमला उभं करतात आणि पट्टा पोरांच्या हातात. दांडपट्ट्याला २०२४ च्या शिवजयंतीला राज्यशस्त्र म्हणून घोषित केलं, तेव्हा याच दोघी गावभर पेढे वाटत फिरल्या होत्या. सभेची नोटीस आजपर्यंत एकाही बाईच्या घरी आलेली नाही. जिजाऊंचं माहेर आपल्या विदर्भात, सिंदखेडराजाला, १२ जानेवारीला आम्ही गाडी करून जातो, आणि परत आल्यावर मंडळाच्या खोलीत बायांना खुर्ची नसते.

मी असं म्हणत नाही की अमेरिकेतलं सगळं चांगलं. त्यांच्यातही मोठ्या भानगडी झाल्या. १९९४ साली तिथल्या संचालक मंडळाने ठरवलं की खेळायला यायचं तर प्रत्येकाने संस्थेची फी भरून सभासद व्हायलाच पाहिजे, कोणाला न विचारता, आणि सगळीकडून एवढा विरोध झाला, लोकांनी कारभाराचे आणि पैशाचे प्रश्न विचारायला सुरुवात केली, की निर्णय मागे घ्यावा लागला, काही संचालकांनी राजीनामे दिले, आणि सभासदांकडून सल्ला घ्यायला एक वेगळी मोठी समिती बसवावी लागली. त्याहून वाईट म्हणजे एका माणसाने तिथे लहान मुलांवर अत्याचार केले, संस्था कोर्टात ओढली गेली, लाखो डॉलर भरपाई द्यावी लागली. आता मुलांच्या कोणत्याही कार्यक्रमाला एकमेकांच्या नात्यातले नसलेले दोन मोठे माणसं हजर पाहिजेतच, आणि मुलांचं काम पाहणाऱ्याची आधी चौकशी होते. म्हणजे ठेच त्यांनाही लागली, पण नंतर नियम केला आणि तो कागदावर आणला. आमच्याकडे ११ टाके पडले आणि आम्ही काय कागदावर आणलं, काटेरी तार.

ग्रुपमधून काढल्यावर मी गप्प बसले नाही. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज केला आणि मंडळाच्या कागदांच्या नकला काढल्या. तिथल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. आमचं मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात, दोन्हीकडे नोंदलेलं आहे. कार्यकारिणी बदलली, कोणी वारलं, कोणी राजीनामा दिला तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. ३१ मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत हिशोबपत्रकं द्यावी लागतात. आमच्या घटनेत, मामाजींच्याच अक्षरात मूळ प्रत आहे, दर पाच वर्षांनी निवडणूक आणि दरवर्षी सर्वसाधारण सभा लिहिलीय, आणि बँकेतून पैसे काढायला अध्यक्ष सोडून दुसऱ्या दोघांच्या सह्या. शेवटचा बदल अर्ज २०१३ चा. त्यानंतर काहीच नाही. म्हणजे कागदोपत्री माझे मामाजी आजही मंडळाचे उपाध्यक्ष आहेत.

मामाजी २०१९ ला पोळ्याच्या करीच्या दिवशी गेले. बैलांना आदल्या दिवशी स्वतः ओवाळलं, रात्री छातीत दुखलं, सकाळी नव्हते. आणि माझ्या हातात जो कागद आहे, २०२२ च्या सभेचं प्रोसिडिंग, पथकाचे पैसे कसे खर्च करायचे हे ठरवायचे सगळे अधिकार अध्यक्षांना दिल्याचा ठराव, त्यात उपस्थितांच्या यादीत तिसरं नाव मामाजींचं आहे. समोर सही. मामाजींना मोडी यायची, त्यांची सही शेवटच्या अक्षराला लांब शेपूट ओढलेली असायची, आमच्या घरी त्यांच्या सहीचे शंभर कागद आहेत. ही ती सही नाही. मी तो कागद सासूबाईंना दाखवला नाही अजून. दाखवायची हिंमत झाली नाही. ज्या माणसाने आठ-आठ दिवस पोरांना मैदान बंद केलं एका पुसलेल्या ठिपक्यासाठी, त्याच्या नावावर हे केलं.

मला म्हणतात घरातलं भांडण पेपरात कशाला. आधी तीन वेळा लेखी दिलंय, पोच आहे माझ्याकडे. पहिल्या वेळी उत्तर नाही, दुसऱ्या वेळी सचिव म्हणाले सोयाबीनचा हंगाम आटोपू द्या, तिसऱ्या वेळी म्हणाले जयंती होऊ द्या. हंगाम झाला, जयंती झाली. आणि अध्यक्षांनी काहीच केलं नाही असंही मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. घोडा त्यांचा, ट्रॅक्टर त्यांचा, कोरोनात सगळं बंद असताना पोरांच्या घरी जाऊन त्यांना काठी फिरवायला लावणारे तेच. १२ वर्षांपूर्वी ते नसते तर मंडळ बंद पडलं असतं, हे मामाजीच म्हणायचे. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. त्यांनी महाराजांची भूमिका करावी, चांगली करतात, आवाज आहे, बसणं आहे. पण ज्या वर्षी जो महाराज होईल त्याने त्या वर्षी मंडळाचं पद घेऊ नये, एवढा एकच नियम आम्ही केला तर त्या पोराच्या डोक्यातलं ते वाक्य आपोआप जाईल असं मला वाटतं. आणि भूमिका दरवर्षी सरावाची हजेरी पाहून ठरावी, वर्गणीचा आकडा पाहून नाही.

बाकी आमची मागणी फार नाही, आम्ही २३ सभासदांनी मिळून सह्या करून दिलीय, त्यात नऊ बाया आहेत. अक्षय्य तृतीयेच्या आत सर्वसाधारण सभा बोलवा, नोटीस घरोघर द्या, बाईच्या नावाची नोटीस बाईच्या हातात द्या. २०१३ पासूनचं कॅशबुक आणि पासबुक सभेत टेबलावर ठेवा, ज्याला पाहायचं तो पाहील. बदल अर्ज भरा, वारलेल्या माणसाचं नाव सन्मानाने कमी करा. निवडणूक घ्या आणि एका घरातले दोघं पदावर नकोत. धारेच्या तलवारी पोरांच्या हातातून काढा, त्यांचं कायद्याने काय करायचं ते पोलीस स्टेशनला विचारून करा, आणि सरावाला गदका, बोथाटी परत आणा, त्याला खर्च कितीसा येतो, काठी गावात आहे, गोळे मी शिवून देते, फुकट. १८ वर्षांच्या आतल्या पोरापोरींच्या सरावाला दोन मोठी माणसं हजर आणि आईबापाची सही. त्या पोराच्या करंगळीचा पुढचा सगळा खर्च मंडळाने करावा आणि ते तारेवर पडलं नाही हे गावात सांगावं. त्याची आई मला बाजारात भेटली की अजून विचारते, ताई, तार कोणच्या वावराची होती वो, म्या त्या मालकाले बोलते. मी काय सांगू तिला.

तुम्हाला विनंती एवढीच की हे पत्र छापा आणि सभेला तुमच्या बातमीदार दादांना पाठवा, फोटो काढायचा तर त्या दिवशी टेबलावरच्या कॅशबुकचा काढा. माझं नाव-गाव तुमच्याकडे वेगळं लिहून दिलंय, ते छापू नका. मी भीत नाही, पण माझं नाव आलं की गाव कळेल आणि गाव कळलं की ते पोरगं कोण हे सगळ्या तालुक्याला कळेल, आणि त्याने मला सांगितलं होतं की आईले सांगू नका. त्याच्या आईला आधी मी स्वतः जाऊन सांगणार आहे, पत्र छापून येण्याच्या आत, उद्या सकाळीच.

आपली,
मंडळाची एक सभासद
ता. अकोट, जि. अकोला